टोपली रिकामी पाठवायची नसते

श्रेयाची ओढणी शेळीनं खाल्ली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

ओढणी साधीसुधी नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या दुकानात आईशी भरपूर वाद घालून घेतलेली, मोरपंखी, काठाला बारीक जर असलेली. मलावी देशातल्या चिसेका नावाच्या खेड्यात, मिशनच्या अंगणात ती दोरीवर वाळत होती, आणि तिचं एक टोक एका काळ्या शेळीच्या तोंडात होतं. दुसरं टोक श्रेयाच्या हातात. श्रेया येऊन दोनच दिवस झाले होते. इथल्या शेळीवर कोणत्या भाषेत ओरडायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीत "नो, नो" म्हणून झालं, हिंदीत "छोड ना" म्हणून झालं. शेळी शांतपणे चघळत राहिली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अय भवाने, सोड की ते. तुपल्या बापाची हाय का ओढणी?"

श्रेयाच्या हातून ओढणी सुटलीच. शेळीनं ती ओढली आणि निघून गेली.

मागं एक उंच, काटकुळा तरुण उभा होता. पायात गमबूट, खांद्यावर आडवी काठी आणि काठीवरून दोन्ही हात सैल सोडलेले. अशी उभं राहायची पद्धत श्रेयानं आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिली होती.

"तुम्ही... मराठी?"

"व्हय," तो म्हणाला. त्याचाही चेहरा भूत बघितल्यासारखा झाला होता. "तुम्ही कुठल्या?"

"औरंगाबाद... म्हणजे संभाजीनगर."

"संभाजीनगरात कुठं?"

"पुंडलिकनगर."

त्यानं काठी खाली ठेवली. "मी चितेगावचा. पैठण रोडचं चितेगाव."

म्हणजे तिच्या घरापासून त्याच्या घरापर्यंत जायला एक रिक्षा आणि एक काळी-पिवळी पुरे. उभा जन्म दोघं तेवढ्या अंतरावर राहिले आणि एकदाही समोरासमोर आले नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा देवानं या दोघांना अख्ख्या समुद्राला वळसा घालायला लावला.

"माझी ओढणी?" श्रेयानं विचारलं.

"ती आता येत नाय," तो गंभीरपणे म्हणाला. "आली तरी तुमच्या कामाची राहायची नाय."

त्याचं नाव बिभीषण. घर मेंढपाळाचं, शिक्षण पशुसंवर्धनाच्या डिप्लोमापर्यंत. मिशननं गावातल्या घरोघरी एकेक शेळी द्यायची आणि तिचं पहिलं करडू शेजाऱ्याला द्यायचं अशी योजना काढली होती. त्या शेळ्यांची देखभाल शिकवायला तो वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आला होता. अडचण एवढीच होती की चिसेकाच्या शेळ्यांना त्याची हाक कळत नव्हती. तो "हुर्र, हुर्र" करायचा, आणि शेळ्या मान वळवून त्याच्याकडं पाहुण्याकडं बघावं तशा बघायच्या.

श्रेया फिजिओथेरपिस्ट. शहरातल्या ज्या मिशनच्या दवाखान्यात ती नोकरी करत होती, त्यांनीच सहा महिन्यांसाठी मलावीला कोण जातं म्हणून विचारलं होतं. श्रेयानं हात वर केला. त्यामागं सेवाभाव होता, नाही असं नाही. पण त्याच महिन्यात तिच्या वडिलांनी, म्हणजे कडूबांनी, मुलं बघायला सुरुवात केली होती. सहा महिने समुद्रापलीकडं कुणी बघायला येणार नाही, हाही हिशेब त्यात होता.

चिसेकातला दिवस पहाटेच्या घंटेनं उगवायचा. मिशनच्या प्रमुख सिस्टर अ‍ॅग्नेस याच भागातल्या, ठेंगण्या, खमक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू आमची प्रार्थना केली पाहिजेस असं नाही. पण जागं राहिलं पाहिजेस." मग श्रेया मागच्या बाकावर शाल गुंडाळून जागी राहायची. नंतर दवाखाना. गुडघे धरलेल्या आज्यांना ती रांगेत बसवून पाय वर-खाली करायला लावायची, आणि आठवडाभरात आज्यांनी त्या मोजणीचं गाणं केलं. आता त्या पाय कमी हलवायच्या आणि गायच्या जास्त. दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, सोबत पाल्याची भाजी.

"भाकर थापायचा कंटाळा आला की असंच व्हतं," बिभीषणनं न्सिमाबद्दलचं आपलं मत पहिल्याच दिवशी दिलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी दोघं पाण्याच्या टाकीखालच्या पायऱ्यांवर बसायचे. तिथं थंडीच्या दिवसांत पाऊस असा पडत नाही. नुसती भुरभुर असते, धुक्यातून चाळून आल्यासारखी, तिला तिथले लोक चिपेरोनी म्हणतात. टाकीखाली तेवढी कोरडी जागा होती, आणि ती दोघांना जेमतेम पुरायची. श्रेयाला ती जागा मोठी असावी असं कधी वाटलं नाही.

"तुमची ती काळी शेळी माझ्याकडं असं का बघते?"

"सलवार कुठं वाळू घालता ते बघायली."

"आणि तुम्हाला घरची आठवण येत नाही?"

"येती की. आता तर पैठण रोडचे खड्डेबी आठवायलेत."

"मला आमच्या आईचं ओरडणं आठवतं."

"मग सांगा की. मी वरडून दाखवतो."

असं सगळं चालायचं. फक्त एक गोष्ट श्रेयाच्या लक्षात आली होती. तो बोलायचा तिच्याशी, पण बघायचा शेळीकडं. तिनं हसून काही म्हटलं की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि तो समोरच्या शेळीचं वजन अंदाजायला लागायचा.

श्रेया त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिला एका दुपारी कळलं, जेव्हा न्सिमाच्या पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड तिनं स्वतः न खाता पानात झाकून ठेवली, कारण ती बिभीषणला आवडायची. श्रेयानं आजवर कुणासाठी खरवड सोडली नव्हती. सख्ख्या भावासाठीसुद्धा नाही.

पण सहा महिने सरत आले होते, महिनाअखेर ती परत जाणार होती. पुण्याला इंजिनिअर असलेला सत्यम नावाचा मुलगा तिला बघायला येणार, असं कडूबांनी फोनवर कळवलंही होतं. बिभीषणला हे तिनं मुद्दाम सांगून पाहिलं. तो शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "पुण्याला पाणी चांगलंय." एवढंच. तो एक शब्द बोलला असता तर ती वडिलांना नाही म्हणायला तयार होती. पण त्यानं बोलायला हवं होतं, आणि तो पुण्याच्या पाण्याबद्दल बोलला.

पुढच्याच आठवड्यात एक माजलेला बोकड वजनकाट्यावर चढवताना बिभीषणच्या कमरेत उसण भरली. आता तो श्रेयाच्या ताब्यात आला. पालथा पडून तो शेकून घ्यायचा.

"दीर्घ श्वास घ्या."

"घेतलाय."

"आता सोडा."

"सोडायला लावता व्हय लगेच..." तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. श्रेयानं शेकायची पिशवी जरा जास्तच जोरात दाबली.

तिसऱ्या दिवशी तो भिंत धरून उभा राहू लागला. त्याच्या आईनं, बानाबाईनं, त्याला एक शिकवलं होतं: ज्यानं बरं केलं त्याचे उपकार अंगावर ठेवू नयेत. त्यानं गावातून एक तांबडा, तुरेबाज कोंबडा आणवला. पण नेऊन देणार कसा? चालता येत नव्हतं. शेळ्यांच्या गोठ्याशेजारी बांडा आजोबा राहायचे, गावातलं जाणतं माणूस. ते बिभीषणला भाचा म्हणायचे. त्यानं मोडक्या इंग्रजीत त्यांनाच विनंती केली.

बांडा आजोबांनी कोंबड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "कोंबडा? त्या मुलीला? माझ्या हातून?"

"व्हय."

"नीट विचार केलास?"

"लई विचार केला," बिभीषण म्हणाला. ते खोटंही नव्हतं. अंडी द्यावी की कोंबडा, यावर त्यानं खरंच विचार केला होता.

बांडा आजोबा घरी गेले. लग्नामयताला घालायचा काळा कोट त्यांनी चढवला, टोपी घातली, शेजारच्या दोन बायका सोबत घेतल्या आणि टोपली घेऊन श्रेयाच्या दारात उभे राहिले. श्रेयाला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत, साधा कोंबडा द्यायचा तर कोट घालून आले. तिनं इथल्या रीतीप्रमाणं गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी कोंबडा घेतला. आणि मग तिच्या हातात राहिली ती रिकामी टोपली.

आता इथं पुंडलिकनगरच्या द्वारकाबाई, म्हणजे श्रेयाची आई, यांचा कायदा सांगायला हवा. शेजारणीची वाटी असो, डबा असो की टोपली, ती रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी नाही. श्रेया धावत मिशनच्या स्वयंपाकघरात गेली. साखर संपली होती, सामानाची गाडी आली नव्हती. खोलीत परत आली. खोलीत काय होतं? पुस्तकं, मलमाच्या बाटल्या, आणि पलंगाखाली बांधलेली एक ठिपक्यांची कोंबडी. गुडघा बरा झालेल्या एका आजीनं ती सकाळीच प्रेमानं आणून दिली होती, आणि तिचं करायचं काय हा श्रेयापुढं प्रश्नच होता. दोन्ही प्रश्न एकदम सुटले. तिनं कोंबडी टोपलीत घातली, वरून स्वच्छ कापड झाकलं आणि टोपली बांडा आजोबांच्या हाती दिली.

बांडा आजोबांनी कापड उचलून पाहिलं. त्यांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या दोन बायकांनी जिभेनं असा काही लांबलचक कल्लोळ केला की दवाखान्यातले पेशंट बाहेर आले.

संध्याकाळी श्रेयाच्या दारात ढोल वाजत होते आणि आज्या नाचत होत्या, गुडघ्यांसकट. कुणा संताचा सण असेल म्हणून श्रेयाही थोडी नाचली. मग सिस्टर अ‍ॅग्नेस हाताची घडी घालून आल्या.

"मला आधी सांगितलं असतंस तर केक केला असता."

"कशाचा केक, सिस्टर?"

सिस्टरनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि त्यांच्या लक्षात सगळा घोटाळा आला. "मुली, आमच्याकडं मुलाचा मामा कोंबडा घेऊन येतो. मुलीला पसंत असेल तर तिच्याकडून कोंबडी जाते. संपलं. तुमचं ठरलं."

घरात साखर नाही म्हणून साखरपुडा झाला, असा प्रसंग दुसरीकडं कुठं घडला असेल असं वाटत नाही.

श्रेया तशीच बिभीषणच्या खोलीवर गेली. तो पालथा पडला होता आणि कोंबडी त्याच्या खिडकीत बसली होती. त्यालाही नुकतंच कळलं होतं.

"आईची आण, मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "पण तुम्ही कोंबडी कामून धाडली?"

"टोपली रिकामी कशी पाठवणार?"

त्यानं क्षणभर विचार केला. "व्हय. रिकामी तर नायच धाडता येत."

अख्ख्या चिसेकात हे कारण पटणारा तो एकटाच माणूस होता. श्रेयाला त्या क्षणी तो फारच आवडला. त्याच्या बोलण्याची वाट ती बघत होती. आता तरी तो बोलेल...

"तुम्ही घाबरू नका," बिभीषण कोंबडीकडं बघत म्हणाला. "सिस्टरनं सांगितलंय. रविवारी प्रार्थनेनंतर अंगणातल्या आंब्याखाली दोघांनी आपल्याकडं आलेलं पाखरू आणून परत द्यायचं, चुकून झालं म्हणायचं. मिटलं. तुमचं घर जमीनजुमल्याचं. आम्ही मेंढरामागं हिंडणारे. तुमच्या बाबांच्या कानावर जायच्या आत मिटवून टाकू."

"हौ," श्रेया म्हणाली. "मिटवू." आणि दार आपटून बाहेर पडली. रात्रभर तिला रडू येत राहिलं, आणि झोप लागली की कोंबडा आरवायचा.

सिस्टरनी एक बजावलं होतं. आणायचं तर दोघांनी आणायचं. एकानं आणलं आणि दुसऱ्यानं नाही, तर ज्यानं आणलं नाही त्याची सगळ्या गावात शोभा.

रविवारी सकाळी श्रेयानं कोंबड्याकडं पाहिलं. कोंबड्यानं तिच्याकडं पाहिलं. शोभा तर शोभा, असं तिनं ठरवलं. तिनं कोंबडा टोपलीखाली झाकला, वर रजई टाकली, खिडकी लावली आणि रिकाम्या हातांनी आंब्याखाली जाऊन उभी राहिली. भुरभुर चालू होती. सगळं गाव जमलं होतं. बांडा आजोबा काळ्या कोटात, मयताला यावं तसा चेहरा करून उभे होते.

बिभीषण आला. कमरेवर एक हात ठेवून, वाकत वाकत. दुसरा हात रिकामा.

"कोंबडी?" सिस्टरनी विचारलं.

"खुडूक बसली," तो जमिनीकडं बघत म्हणाला. मग हातांनी अंड्यांवर बसल्याची खूण करून दाखवली. "अंड्यावरून उठवता येत नाय. पाप लागतं."

"काल संध्याकाळी तर अंगणात फिरत होती."

"त्याच्यानंतर बसली."

सिस्टर श्रेयाकडं वळल्या. "आणि कोंबडा?"

"सापडत नाही, सिस्टर. सकाळपासून शोधतेय. कुठं गेला काही..."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण झाकलेलं कोंबडंही गप्प बसतंच असं नाही. श्रेयाच्या खोलीतून, खिडकी, रजई आणि टोपली भेदून एक खणखणीत बांग आली. पाठोपाठ दुसरी.

सिस्टर अ‍ॅग्नेसनी आभाळाकडं पाहिलं. आज्या आधी हसल्या, मग सगळं गाव हसायला लागलं. बिभीषण मात्र हसला नाही. त्यानं मान वर केली. आसपास भरपूर शेळ्या होत्या, पण तो पहिल्यांदाच सरळ श्रेयाकडं बघत होता.

"सापडला वाटतं," तो म्हणाला.

"तुमची कोंबडी उठली की आणते."

"ती नाय उठायची."

"किती दिवस?"

"लई दिवस." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण नजर हलली नाही. "श्रेया, मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. ती ओढणी मला सोडवता आली असती. पण मग तुम्ही ओढणी घेऊन गेल्या असत्या..."

"तुम्ही नका म्हणू."

"मग?"

"तू म्हण," श्रेया म्हणाली. भुरभुर दोघांच्या केसांवर साचत होती, आणि बांडा आजोबांनी पुन्हा टोपी काढली होती.

चिसेकात जे कोंबड्यावर भागलं, ते पुंडलिकनगरात भागणार नव्हतं.

श्रेयानं घरी येऊन सगळं सांगितलं. सत्यमचं बघणं मोडलं. कडूबांनी बोलणं सोडलं. द्वारकाबाईंनी "नाही म्हणजे नाही" असं सांगून टाकलं. एकदाच, टोपलीची गोष्ट ऐकताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग बरोबरच केलं. रिकामी कशी धाडायची?" लगेच आपण चिडलेल्या आहोत हे आठवून त्या कणीक तिंबायला लागल्या. श्रेया म्हणाली होती, "तुमच्या दोघांच्या होकाराशिवाय मी जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाकडंही जाणार नाही." घर असं महिनोन्‌महिने अडून बसलं.

बिभीषणचं वर्ष संपलं, तो परतला. त्यानंतर एका सकाळी पुंडलिकनगरच्या दारात बानाबाई उभ्या राहिल्या. सोबत त्यांचे भाऊ, बिभीषणचे सोनाजीमामा, कोऱ्या पटक्यात. बानाबाईंच्या डोक्यावर टोपली होती. दारी आलेल्याला परत पाठवायची या घरात रीत नव्हती, म्हणून चहा झाला. कडूबा पेपरमागं होते.

बानाबाईंनी टोपलीतून एक ओढणी काढली. मोरपंखी, काठाला जर.

"आमच्या पोराच्या शेळीनं खाल्ली व्हती म्हणं," त्या म्हणाल्या. "भरून द्यायला आलो. दुसरं काय मागाया नाय आलो."

त्यांनी खरंच काही मागितलं नाही. चहाच्या कपबशा सरकवल्या, रिकामी टोपली उचलली आणि उठल्या. श्रेया ओढणी उराशी धरून उभी होती. आता ते जातील, आणि पुन्हा यायला त्यांना कारण उरणार नाही.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "रिकामी नका नेऊ."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात एक डबा उघडला, मिटला. दुसरा उघडला. श्रेयाला आत काय काय आहे ते पाठ होतं. केळी होती, कांदे होते, नवा गूळ होता. परत करायच्या टोपलीत घालायला काहीही चाललं असतं. कडूबांचा पेपर खाली आला होता.

द्वारकाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागदाचा एक पुडा होता, दोऱ्यानं बांधलेला. पुड्यावर कुंकवाचं बोट होतं. त्यांनी तो टोपलीत ठेवला.

बानाबाईंनी पुडा चाचपला. साखर होती. त्यांनी द्वारकाबाईंकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

"ताई, हे... चुकून तर नाय ना?"

"आमच्या घरात कोंबडी चुकून जाती," द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "साखर नाय जात."

शेवटी कडूबांनी पेपरची नीट घडी घातली.

"त्या पोराला आत बोलव," कितीतरी महिन्यांनी ते श्रेयाशी बोलले. "मघापासून कोपऱ्यावर काठी घेऊन उभा हाय. गल्लीतले लोक बघायलेत."

श्रेया चप्पल न घालताच धावली.